सात परसांची विहीर

खडक लागला आणि श्रीपतरावांना तालुक्यातली कामं आठवली.

तोवर दोन महिने ते रोज सकाळी चांगुणाबाईच्या रानात येत आणि लिंबाखाली बाजेवर बसत. बाज चांगुणाबाईची, सून राजूबाईनं घरून डोक्यावर आणलेली. तिच्यावर बसायला श्रीपतरावांची काही हरकत नव्हती; चांगुणाबाईच्या घागरीतलं पाणी मात्र त्यांना चालत नव्हतं. गड्याच्या हाती ते घरून तांब्या मागवत. बाज बाटत नाही आणि पाणी बाटतं, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

बिदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावाच्या पुढं पांदीनं कोसभर आत गेलं की करडवाडी. तिथल्या होलेयांच्या, म्हणजे कानडी मुलखातल्या महारांच्या, रानात सरकार फुकट विहिरी खोदून देत होतं. सात परस खोल, वर दगडी बांधकाम, पाणी लागलं की मोटार. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. त्या भागात विहिरी अजून माणसांनीच मोजत. खोदाईचा गुत्ता श्रीपतरावांकडं होता. गावची निम्मी काळी जमीन आणि मंडल पंचायतीचा प्रधान, दोन्ही त्यांच्या खिशात असल्यावर गुत्ता दुसऱ्या कुणाकडं जाणार?

खोदायला मात्र चांगुणाबाईचंच घर. मुलगा नागनाथ टिकाव मारी, चांगुणाबाई फावड्यानं पाटी भरी, राजूबाई चुंबळीवर पाटी घेऊन भिंतीतल्या खोबणींवर पाय देत वर चढे. मुरूम मऊ होता तोवर काम भराभर उरकलं. चांगुणाबाईची चाळिशी उलटलेली. रात्री कमर धरायची आणि सकाळी ती सगळ्यांच्या आधी रानात हजर असायची. नवरा गेल्यापासून या तीन एकरांवर तिनं आभाळाकडं बघत दिवस काढले होते. बाराही महिने पाणी असलेलं रान कसं दिसतं ते तिला एकदा आपल्याच रानात बघायचं होतं.

मग एका दुपारी नागनाथचा टिकाव खणकन वाजला आणि ठिणगी उडाली. खाली काळा पाषाण होता.

श्रीपतरावांनी काठावरून वाकून बघितलं. "आता सुरुंग लागतेत. उदगीरवरनं मानसं बोलवावी लागतील," ते म्हणाले, "तवर थांबा." आणि धोतराचा सोगा सावरत निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी राजूबाईनं बाज घरी नेली.

या विहिरीच्या बुडाशी एक खोटं होतं, आणि ते चांगुणाबाईचं होतं. अर्ज भरायच्या दिवशी ती चावडीत उभी होती. कारकुनाशेजारी श्रीपतराव बसले होते.

"जात काय लिवायची?" श्रीपतरावांनी विचारलं.

"बौद्ध."

"बुद्धाला इहीर न्हाई, चांगुणे. होलेयाला हाय. सरकारचा कायदाच तसा हाय, माजा न्हाई. हिंदू होलेय लिवू का उठू?"

बाबासाहेबांनी धम्म दिला त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या बापानं घरातले देव टोपल्यात भरले आणि गावाबाहेरच्या पडक्या बारवेत नेऊन टाकले होते. टोपलं तिच्या डोक्यावर होतं. ती बारा वर्षांची होती. पितळेचे टाक एकेक करून पाण्यात पडताना वाजत गेले आणि बाप म्हणाला, "आता कुनाम्होरं वाकायचं न्हाई, आन खोटं बोलायचं न्हाई." आज बाप नव्हता. नागनाथनं मागून तिचा कोपर दाबला.

"लिवा," ती म्हणाली आणि सही केली. वस्तीतल्या सगळ्यांनीच तशा सह्या केल्या होत्या. घरी येताना मात्र ती मुलाच्या दहा पावलं पुढं चालत राहिली.

*

पाऊस पडला आणि उघडा खड्डा भरला. भाद्रपदात एक दिवस जीप आली. तिच्यातून सिद्धप्पा ओव्हरसियर उतरला, त्याच्यामागं काळा चष्मा घातलेला साहेब. श्रीपतराव आधीच लिंबाखाली हजर. विहीर गढूळ पाण्यानं काठापासून हातभर खाली उभी होती. साहेबानं वाकून बघितलं. खाली सात परस होते की गुडघाभर, हे त्या पाण्यातून देवालाही दिसलं नसतं.

"पानी लागलं की चांगुणे," श्रीपतराव मोठ्यानं म्हणाले. "गूळ वाट."

ती जवळ गेली आणि हळू म्हणाली, "मालक, हे वरचं पानी हाय. खडक तर तसाच हाय."

"मला काय दिसंना व्हय? दिवाळी झाली की खडक फोडतो. पर साहेबाम्होरं तोंड वाकडं केलीस तर हाय ते काम बी बंद पडंल."

आता यावर तिनं काय करावं? विहिरीला पाणी लागलं की गूळ वाटायचा, ही त्या भागाची रीत. पाणी असताना गूळ वाटला नाही तर पाणी रुसतं म्हणतात. देव बारवेत टाकले तरी पाण्याची रीत कुणी टाकली नव्हती. तिनं राजूबाईला घराकडं पिटाळलं, ढेप फोडली, आणि पानावर गूळ घेऊन सगळ्यांपुढं फिरली. साहेबानं खडा तोंडात टाकला. सिद्धप्पानं "छलो आयतु, अक्का", छान झालं, असं म्हणून दोन उचलले. श्रीपतरावांनी आपला खडा रुमालात बांधला. साहेब वळल्यावर त्यांना तो बैलापुढं टाकताना चांगुणाबाईनं बघितलं. गूळ वाटणं ही तिची चूक होती. ती तिला पुढं फार महाग पडली.

दिवाळी झाली. तुरी निघाल्या. उदगीरची माणसं काही आली नाहीत. विहिरीतलं पाणी उतरत गेलं, आणि पौषात बुडाचा काळा दगड बोडक्या टाळूसारखा उघडा पडला. चांगुणाबाई नागनाथला घेऊन तालुक्याला गेली.

कारकुनानं कागद चाळले. "अम्मा, तुमची विहीर पुरी झाली की. आता मोटारीचा अर्ज द्या."

"पुरी कुठली? खडक लागून बंद पडलीया."

"सात परस. पाणी लागलेलं. सुरुंग उडवलेले, त्याचं बिल दिलेलं."

"कोनी बघितली?"

"साहेबांनी."

"आत उतरून?"

कारकून शेजारच्या कारकुनाकडं बघून हसला. "साहेब काय बेडूक हैत, आत उतरायला?"

दोघं हसले. फसवणूक चांगुणाबाईनं जन्मभर बघितली होती. माप मारलेलं धान्य, बुडवलेली मजुरी, सरकवलेला बांध. पण आपल्याच कमरेनं खोदलेल्या खड्ड्यावर दुसऱ्यानं कागदावरच सुरुंग उडवून घ्यावेत, आणि त्याला आपणच गूळ भरवावा, हे तिला सोसवेना.

बसमधून उतरली ती घरी गेलीच नाही. सरळ श्रीपतरावांच्या दारात गेली आणि पायरीखाली उभी राहिली. ते पडवीत झोपाळ्यावर होते.

"मालक, इहीर सात परस झालीया म्हनं. मला बी दाखवा की."

झोपाळा थांबला नाही. "गेलतीस व्हय तालुक्याला?"

"सुरुंगाचे पैसे घेतलाव तुमी."

"कुनाचे घेतले? तुजे घेतले का?" श्रीपतराव शांतपणे म्हणाले. "तुजा एक आना न्हाई त्येच्यात. सरकारचं गेलं. तुजं काय गेलं? फुकटचा खड्डा भेटला, पावसाळ्यात म्हशी पानी पितेत. सरकारचा एवढा कळवळा कामून आला तुला?"

"सरकारनं ते माज्या नावानं दिलतं."

"मग सरकारला म्हन, माज्या दारात ऊर बडवायला ये."

पडवीत बसलेली माणसं हसली. चांगुणाबाई वळली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तिनं पुन्हा तालुका गाठला.

*

रामराव वकील भालकीकडचे. तालुक्याच्या कोर्टासमोर पत्र्याखाली त्यांची खुर्ची होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"सरकारला फसवलं म्हणून सरकारनं फिर्याद करायची असते, मावशी. सरकार करत नाही. तुम्ही केली तर खासगी फिर्याद होईल. ओव्हरसियरवर चालणार नाही, त्याला वरची परवानगी लागते. गुत्तेदारावर चालेल."

"चालवा."

"गावात राहायचंय ना तुम्हाला?"

"राहायलेच की. कशी राहायले ते मला इचारा."

फिर्याद दाखल झाली आणि करडवाडीनं आपलं काम सुरू केलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत की दगड मारले नाहीत. ज्वारीच्या काढणीला राजूबाईला कुणी बोलावलं नाही, एवढंच. नागनाथची गाडी उसाला लागत होती ती सुटली. मग वस्तीतल्या इतर बायकांनाही हाका येईनाशा झाल्या. जे एकीला, ते सगळ्यांना. शेजारची भागाबाई दारात येऊन उभी राहिली.

"चांगुणाबाय, आमच्या बी इहिरी तशाच हैत. आमी बोंबललाव का? झाकून ऱ्हायलाव तर निदान काम तर भेटत हुतं."

"झाकून काय ऱ्हायलं तुजं?"

"चूल ऱ्हायली हुती पेटती," भागाबाई म्हणाली. चांगुणाबाईनं सुपातली जोंधळ्याची निम्मी कणसं भागाबाईच्या पदरात घातली. भागाबाईनं ती घेतली, पण बोलणं सोडलं.

तारखा पडत गेल्या. विहीर मोजायला माणूस पाठवा असा अर्ज रामरावांनी दोनदा दिला; पुढच्या तारखेला बघू, असं दोनदा उत्तर मिळालं. एवढी साधी गोष्ट! दोर सोडायचा आणि बघायचं. सुरुंगाची बिलं, गुत्त्याचे करार, साक्षीदारांची समन्सं, सगळं कोर्टात येऊन गेलं, विहीर तेवढी आली नाही. पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात चांगुणाबाईची साक्ष लागली.

आदल्या दिवशी रामरावांनी तिला समोर बसवलं. "धर्म विचारला तर कागदावर आहे तेच सांगायचं. हिंदू होलेय. एका शब्दाचा प्रश्न आहे मावशी. तो म्हणालात की पुढचं मी बघतो. दुसरं काही म्हणालात तर आपलीच मान सापडेल. अर्जात खोटं लिहिलं असं होतं ते."

तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते रामरावांना कळलं नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिला समोर श्रीपतराव दिसले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध. कोर्टाचा कारकून कागद न बघताच पुटपुटला, "देवराणे सत्य हेळतेने, अन्नम्मा." देवाची आण, खरं सांगते, असं म्हण. तिला कानडी येत होती. फिर्यादीच्या दिवशीही त्यानं हेच पुटपुटलं असणार. तेव्हा गडबडीत ती नुसतीच हूं म्हणाली होती. आज कोर्ट शांत होतं.

"म्हणा की," रामराव दबक्या आवाजात म्हणाले.

तिनं नागनाथकडं बघितलं. तो दाराशी भिंतीला टेकून उभा होता आणि डोळ्यांनीच विनवत होता. मग तिनं श्रीपतरावांकडं बघितलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात पान होतं आणि ते हसत होते. चावडीतही ते असेच हसले होते. लिवू का उठू?

"देवाची आन मी घेत न्हाई," ती म्हणाली. "माज्या बापानं देव बारवंत टाकले, मी टोपलं वाहिलं. खरं सांगते, साहेब. माजी मीच आन घेते."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि तशी शपथ लिहून घ्यायला सांगितलं. तेही कायद्यात बसत होतं. पण श्रीपतरावांचा वकील, बिदरहून आणलेला, लठ्ठ, मऊ आवाजाचा माणूस, खुर्चीतून अर्धा उठला होता.

"धर्म कोणता, बाई तुमचा?"

"बौद्ध."

"कधीपासून?"

"बारा वरसाची हुते तवापासनं."

"आणि विहिरीच्या अर्जात काय लिहिलंय?"

"हिंदू होलेय."

"म्हणजे खोटं."

"व्हय. खोटं."

"सही कुणाची?"

"माजी. लिवायला लावलं त्येनी." तिनं हात उचलून श्रीपतरावांकडं बोट केलं.

"विचारलं तेवढंच सांगा. भाद्रपदात साहेब आले तेव्हा विहिरीत पाणी होतं?"

"हुतं. पावसाचं."

"पाणी होतं. तुम्ही गूळ वाटलात?"

"वाटले."

"आनंदानं?"

"धाकानं," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "साहेब, माजा देव कोनता, मी गूळ कसा वाटले, समदं इचारायलाव. इहीर किती खोल हाय ते कुनीच इचारंना. तिथं जाऊन बघा की. जागची हलली न्हाई ती."

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "पुरे."

परतीच्या बसमध्ये नागनाथ तिच्याशेजारी बसला नाही. राजेश्वरच्या फाट्याला उतरल्यावर पांदीतून चालताना तो मागं वळून म्हणाला, "हिंदू म्हनली असतीस तर जीभ झडली असती का तुजी?"

"एकदा म्हनले की. काय भेटलं? खड्डा."

"आता खड्डा बी जातो बघ."

"जाऊ दे."

"तुला राग लई प्यारा हाय, माय. घरादारापरीस."

तिला वाटलं त्याच्या थोबाडीत द्यावी. मग वाटलं, बरोबर बोलतो आहे. ती त्याच्या मागून चालत राहिली.

*

फिर्याद निकाली निघाली. फिर्यादीनंच खोटं लिहून सरकारला फसवलं, तिच्या बोलण्यावर भरवसा काय ठेवायचा, असा त्या निकालाचा मतलब. आणि महिन्याभरात तिच्याच नावानं नोटीस आली. सातवी शिकलेल्या राजूबाईनं ती चुलीपुढं बसून वाचली. बौद्ध असून होलेय म्हणून लाभ घेतला. सात परस खोल, पाणी लागलेल्या पक्क्या विहिरीचा सगळा खर्च भरा, नाहीतर जमीन जप्त.

नागनाथनं कपाळावर हात मारला. भागाबाई दारातून ऐकत होती. "आज तुला आली. उद्या आमाला येती," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चोर झोपाळ्यावर बसला होता, आणि चोरी चांगुणाबाईच्या अंगणात येऊन पडली होती. असा न्याय बघून माणसानं करायचं काय?

चांगुणाबाईनं तव्यावर भाकरी टाकली. मग म्हणाली, "राजू, परत वाच. किती परस?"

"सात, आत्याबाई."

"साताचे पैसे मागायलेत?"

"व्हय."

"मग येऊ दे जप्तीला." तिनं भाकरी उलटली. तव्यावर हात भाजला तेही तिला कळलं नाही. "इतके दिस मोजा म्हनून मी त्येंच्या पाया पडायलते. आता त्येंना घ्यायचंय माज्याकडनं. घेनाराला मोजावं लागतं."

चैत्रात जप्तीचा कागद घेऊन अमीन आला. ढेकळं तापलेली, लिंबाला नवी पालवी. जप्तीला दोन पंच लागतात. गावातले प्रतिष्ठित पंच म्हणून अमिनानं श्रीपतरावांना आणि त्यांच्या एका भावबंदाला आणलं होतं. श्रीपतराव त्याच लिंबाखाली उभे राहिले. बाज या वेळी कुणी आणली नव्हती. वस्तीतली माणसं बांधावर येऊन बसली, कुणाच्याही बाजूनं नाही अशी.

अमीन भला माणूस दिसत होता. ऊन लागत होतं आणि त्याला लवकर जायचं होतं. पंचनामा त्यानं कचेरीतच लिहून आणला होता. "तीन एकर कोरडवाहू. एक विहीर, सात परस, पक्की." त्यानं वाचून दाखवलं. "पंचांनी इथं सही करायची."

"मोजा," चांगुणाबाई म्हणाली.

"काय?"

"इहीर मोजा. मग लिवा."

"टेप आणलेली नाही, अम्मा. कागदावर आहेच की."

"परसानं मोजा."

"आणि कोण उतरणार त्यात?"

श्रीपतराव हसले. "उरकून घ्या, अमीनसाब. ही बाई कोर्टात बी अशीच बडबडती."

चांगुणाबाईनं पदर कमरेला खोचला. कठड्याचं बांधकाम कधी झालंच नव्हतं. ती काठावर बसली, पाय खाली सोडले, आणि राजूबाईच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या खोबणी चाचपत उतरू लागली. गुडघा मुरमावर सोलला. खाली काळा दगड तव्यासारखा तापला होता. तिनं वर बघितलं तर आभाळाचा तुकडा आणि त्याच्या कडेला माणसांची डोकी. एकटीनं काय होणार, हे तिला खाली पोचल्यावर कळलं. एका माणसाचा एक परस. वरती अजून तेवढंच उरत होतं.

मग माती ढासळली आणि नागनाथ तिच्या शेजारी उतरला. कोर्टाच्या दिवसापासून तो तिच्याशी धड बोलला नव्हता. आता भिंतीकडं तोंड करून खाली बसला आणि आपल्या खांद्यावर थाप मारली.

ती चढली. आधी एक पाय, मग दुसरा. मुलाच्या खांद्याचं हाड तिच्या तळव्याला टोचत होतं. भिंतीला हात लावत लावत तो उठू लागला. त्याचे पाय लटपटत होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

"उभी ऱ्हा, माय," तो दातांतून म्हणाला. "धरलोय."

ती उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर केले, आणि विहिरीच्या काठावर, हराळीच्या मुळ्यांमध्ये, तिची बोटं बाहेर आली.

बांधावर कुणीतरी उठून उभं राहिलं. मग सगळेच उठले.

"राजू, मोज," खालून आवाज आला.

राजूबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि अमिनाकडं बघून सांगितलं, "खाली एक मानूस. त्येच्या खांद्यावर एक. पुरे दोन परस बी न्हाई, साहेब."

"बाकीचे पाच मालकाला इचारा," चांगुणाबाई विहिरीतून म्हणाली. "खोट्या जातीनं हा खड्डा घेतले, त्येचं माज्याकडनं घ्या. जमीन लिवा. पर दोन परसाचं लिवा. साताचं मी देनार न्हाई."

अमिनानं टोपी काढून घाम पुसला. कागदाकडं बघितलं, काठावरच्या बोटांकडं बघितलं. मग त्यानं "सात" खोडलं आणि वर "दोन" लिहिलं. "पंचांपुढं मोजली," तो म्हणाला, "आता पंचांना सही करावी लागेल, मालक."

श्रीपतरावांना तालुक्यातली कामं आठवली. "नंतर बघू," ते म्हणाले आणि वळायला गेले. पण ते काठाच्या फार जवळ उभे होते. मोजायला आल्यासारखे वाकून बघत होते ना! हराळीतून एक हात सुटला आणि त्यांच्या घोट्यावर घट्ट बसला. हाताला मुरूम लागलेला होता आणि तो घामानं ओला होता.

"सही करून जावा," खालून आवाज आला.

त्यांनी पाय ओढला असता तर चांगुणाबाई मुलासकट दगडावर कोसळली असती. पाठोपाठ तेही आत गेले असते. अख्खी वस्ती बघत होती. भावबंद दोन पावलं मागं सरकला. भागाबाई बांधावरून उतरली, राजूबाईच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "करा की मालक. लिवायला तर तुमीच शिकिवलंव आमाला."

अमिनानं कागद पुढं केला. जिच्या घागरीतलं पाणी कधी ओठाला लावलं नाही, तिच्या मुठीत पाय देऊन, एका पायावर वाकून, श्रीपतरावांनी सही केली.

"माय," खालून नागनाथचा दबलेला आवाज आला, "खांदा गेला माजा. उतर आता."

"थांब जरा," चांगुणाबाई म्हणाली. "शाई वाळू दे."